लूत, खाज आणि नेपच्यून

मंडळी, या शनिवार-रविवारचा विषय खाजेचा आहे. खाजगी नव्हे, खाजेचाच! आणि तीही माणसाच्या नाही, कुत्र्याच्या.

आमच्या हिमायतनगरात (नांदेड जिल्हा, जुनी माणसं अजून ‘वाढोणा’च म्हणतात) कुत्र्याच्या कातडीला काहीही झालं तरी त्याला नाव एकच: लूत. केस गळाले, लूत. कान लाल झाले, लूत. पंजे चाटून चाटून तांबडे केले, तरी लूतच. आणि एकदा लूत म्हटलं की पुढचं सगळं ठरलेलं. पोरांना दम भरायचा, ‘हात लावू नको त्याला’. मग कुत्रं ओसरीवरून अंगणात, अंगणातून गल्लीत. ‘लूतभरं कुत्रं’ ही आपल्याकडे शिवी आहे, यातच काय ते आलं.

शहरात याच्या बरोबर उलट. सोसायटीच्या लिफ्टमध्ये एखादा गुबगुबीत लॅब्राडोर खराखरा कान खाजवत असतो आणि त्याची मालकीणबाई कौतुकानं सांगते, ‘ॲलर्जी आहे हो याला!’ कशाची? ते कोणी विचारलेलं नसतं. खाज उठली की गोळी, गोळी संपली की परत खाज, असं दोन-दोन वर्षं चाललेलं असतं.

म्हणजे गावातला ‘लूत’ आणि शहरातला ‘ॲलर्जी’, दोन्ही शब्द एकच काम करतात. पुढचा विचार थांबवायचं! खरं तर ही दोन अगदी वेगळी दुखणी आहेत, आणि ती एकमेकांपासून वेगळी ओळखायला माणसाला जवळजवळ अडीचशे वर्षं लागली. त्यातली सगळ्यात मोठी गंमत (खरं तर गंमत म्हणवत नाही) अशी, की ॲलर्जी नावाची भानगड शास्त्रज्ञांना उलगडायला लागली ती एका कुत्र्यामुळे. आणि त्या कुत्र्याच्या जातभाईंना ॲलर्जी होऊ शकते हे मान्य करायला पुढे आणखी चाळीस वर्षं गेली. आज तोच इतिहास थोडा सविस्तर सांगतो.

सुरुवात आपल्या शब्दापासून. ‘लूत’ आला संस्कृत ‘लूता’वरून. लूता म्हणजे कोळी (जाळं विणणारा), आणि लूता म्हणजे कातडीचा एक रोगही. आता योगायोग बघा. कुत्र्याला खरी लूत होते ती एका अतिसूक्ष्म आठ पायांच्या किड्यामुळे, आणि प्राणिशास्त्राच्या हिशेबात तो किडा कोळ्याच्याच वर्गातला! जुन्या लोकांकडे काही सूक्ष्मदर्शक नव्हता, त्यामुळे हा निव्वळ योगायोगच. पण शब्द बरोबर जागी पडलाय खरा.

हा किडा पहिल्यांदा नीट बघून त्यावर लिहिलं ते इटलीत, १६८७ साली. जोवान्नी कोसिमो बोनोमो हा वैद्य आणि दियाचिंतो चेस्तोनी हा औषधविक्या, या दोघांनी खरूज झालेल्या माणसांच्या फोडांतून हे किडे काढले, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, त्यांची चित्रं काढली आणि सांगितलं की खरूज होते ती यांच्यामुळे. एखाद्या रोगाचं कारण म्हणून डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाकडे बोट दाखवण्याची ही अगदी सुरुवातीची वेळ. इकडे आपल्याकडे औरंगजेबानं गोवळकोंडा घेतला तेच हे साल.

लोकांनी मात्र ऐकलं नाही. खरूज म्हणजे रक्तातला दोष, ही समजूत पुढे दीडशे वर्षं टिकली. शेवटी १८३४ साली पॅरिसमध्ये रेनुची नावाच्या विद्यार्थ्यानं भर इस्पितळात सुईच्या टोकानं किडा काढून दाखवला. हे तो कुठे शिकला होता? कॉर्सिका बेटावरच्या आपल्या गावाकडे, तिथल्या बाया घरी काढायच्या ते बघून! पुढे १८४२ मध्ये गुस्ताव सिमॉन या जर्मन डॉक्टरनं केसांच्या मुळाशी राहणारा दुसरा किडा शोधला, डेमोडेक्स. त्याच्या कुळातले किडे कुत्र्यांमध्येही सापडले. लुतीचे हे दोन मोठे प्रकार. पहिली लूत एकातून दुसऱ्याला लागते आणि जीव नकोसा करते. दुसरी सहसा पिल्लांना होते, तिच्यात केसांचे चट्टे जातात, खाज बऱ्याचदा नसतेच, आणि ती हात लावल्यानं लागत नाही.

म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लुतीचं कोडं सुटलं होतं. गावठी उपायही काही अगदीच वेडे नव्हते. खोबरेल तेलात गंधक खलून लावतात ना, ते गंधक किड्यांवर खरोखर काम करतं. त्यानंतर आलेलं मात्र भयंकर. ट्रॅक्टरचं जळकं ऑइल कुत्र्याच्या अंगाला चोपडणं, नाहीतर गॅमेक्झीनची पावडर भुरभुरवणं. कुत्रं अंग चाटतं हो! अंगावर लावलेलं सगळं संध्याकाळपर्यंत त्याच्या पोटात जातं. गॅमेक्झीन म्हणजे बीएचसी, त्यावर भारतात १९९७ मध्ये बंदी आली. जळक्या ऑइलवर कोण बंदी घालणार?

तुम्ही म्हणाल, तालुक्याला जनावरांचा दवाखाना असतो की. असतो. पण त्या दवाखान्याचा इतिहास वेगळा आहे आणि तो समजून घेतला पाहिजे, म्हणजे उगाच डॉक्टरांच्या नावानं खडे फोडले जाणार नाहीत. आपल्याकडे आधुनिक पशुवैद्यक आलं ते कुत्र्यासाठी नव्हे, बैलासाठी आणि घोड्यासाठी. बुळकांडीनं गावंच्या गावं जनावरांविना व्हायची. इंग्रज सरकारनं त्यावर कमिशन नेमलं, त्याचा अहवाल १८७१ चा. मुंबईत परळला पशुवैद्यकीय कॉलेज निघालं १८८६ मध्ये. पुण्यात १८८९ मध्ये सरकारी जिवाणू प्रयोगशाळा सुरू झाली, ती पुढे १८९३ मध्ये हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. सगळं लक्ष बुळकांडी, घटसर्प, फऱ्या यांवर. जगातून बुळकांडी हद्दपार झाल्याची घोषणा झाली २०११ साली, म्हणजे या लोकांनी काम चोख केलं.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाकडे. त्यामुळे आपल्या भागात पशुवैद्यकीय कॉलेज यायला १९७२ उजाडावं लागलं, परभणीला. दुसरं उदगीरला, १९८७ मध्ये. लाल कंधारी आणि देवणी या गोवंशांचा हा मुलूख. बैल आजारी पडला तर पेरणी थांबते, म्हैस आटली तर घर थांबतं. २०२२ मध्ये लंपी आला तेव्हा हेच डॉक्टर गोठ्या-गोठ्यातून लसी टोचत फिरत होते. अशा ठिकाणी कोणी ‘डॉक्टर, आमचं कुत्रं पंजे चाटतंय’ म्हणत गेलं तर रांगेत त्याचा नंबर कुठे लागणार?

आणि कुत्र्याला तर आपल्याकडे मान कधी नव्हता असंही नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, उदगीरहून फार लांब नाही) यानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला. राजानं करमणूक कशी करावी हे सांगताना त्यात शिकारी कुत्र्यांवर ‘सारमेयविनोद’ असा वेगळा भागच आहे. लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातलं जानवळ आजही कारवान कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. सडसडीत, लांब तोंडाचं, वाऱ्यासारखं पळणारं कुत्रं. पण ते शिकारीचं, राखणीचं कुत्रं. ते खाजवत बसलं तर दवाखाना नसायचा, दुसरं कुत्रं असायचं.

आता पॅरिसला जाऊ.

१९०१ च्या उन्हाळ्यात मोनॅकोचा राजा पहिला आल्बेर आपल्या जहाजावरून समुद्रात संशोधनाला निघाला. (राजाला समुद्रशास्त्राचा भारी नाद.) सोबत शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ. काम होतं फायसेलिया नावाच्या जेलीफिशसारख्या प्राण्याच्या विषाचा अभ्यास. पॅरिसला परतल्यावर तो प्राणी मिळेना, म्हणून त्यांनी समुद्रफुलाच्या विषावर प्रयोग चालू ठेवले. प्रयोग कुत्र्यांवर. विचार असा, की थोडं थोडं विष टोचत गेलं तर कुत्र्याला सवय होईल, लशीसारखं.

त्या कुत्र्यांतला एक नेपच्यून. रिशेनं पुढे नोबेलच्या भाषणात त्याची हकिकत सांगितली आहे. चांगला दणकट, निरोगी कुत्रा. पहिली मात्रा दिली, काही झालं नाही. बावीस दिवसांनी तेवढीच मात्रा परत दिली. काही सेकंदांत त्याला धाप लागली, तो कोसळला, रक्ताची उलटी झाली आणि पंचवीस मिनिटांत गेला.

सवय व्हायच्या ऐवजी शरीर उलटं बिथरलं होतं! पहिल्या वेळी जे पचलं, त्यानंच दुसऱ्या वेळी जीव घेतला. १९०२ च्या फेब्रुवारीत या दोघांनी हे जाहीर केलं आणि त्याला नाव दिलं ‘ॲनाफिलॅक्सिस’. १९०६ मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्केनं ‘ॲलर्जी’ हा शब्द घडवला. १९११ मध्ये लंडनला लेनर्ड नूननं गवताच्या परागकणांचा अर्क थोडा थोडा टोचून हे फीव्हरचे रोगी बरे करायचा प्रयत्न केला. १९१३ मध्ये रिशेला नोबेल मिळालं. नेपच्यूनला काय मिळालं, तर भाषणात चार ओळी.

(एक खुलासा. नेपच्यूनला झालं ते आणि लॅब्राडोरची वर्षानुवर्षांची खाज, दोन्ही एकच नव्हे. पण मूळ सूत्र तेच: शरीराची राखण करणारी यंत्रणा नको त्या पाहुण्यावर भुंकायला लागते.)

१९२३ मध्ये अमेरिकेत कोका आणि कुक या दोघांनी ‘ॲटोपी’ हा शब्द आणला. घराण्यात चालत येणारी ॲलर्जीची प्रवृत्ती, म्हणजे दमा, हे फीव्हर वगैरे. आणि ही प्रवृत्ती फक्त माणसाची, जनावराला ती नसते, असा समज रूढ झाला. काय म्हणायचं याला? ज्याच्या देहावर शोध लागला त्यालाच सांगायचं, की हा आजार तुझ्या औकातीबाहेरचा!

हा समज मोडला १९४१ मध्ये. फ्रेड विटिच नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं (माणसांच्या, बरं का) एका कुत्र्याची केस छापली. दरवर्षी पावसाळ्यानंतर, म्हणजे त्यांच्याकडच्या शरदात, त्या कुत्र्याला हे फीव्हर व्हायचा. विटिचनं त्याला माणसासारखेच परागकणांचे डोस दिले. त्यानंतर गाडी सुरू झाली, पण पॅसेंजरच्या वेगानं. साठच्या दशकात रॉबर्ट श्वार्ट्झमननं कुत्र्यांतल्या ॲटोपीचं सविस्तर वर्णन केलं. १९६६-६७ मध्ये माणसात आयजीई हे प्रतिद्रव्य सापडलं आणि १९७२ च्या सुमारास हॅलिवेल वगैरे मंडळींनी कुत्र्यातही तेच दाखवलं. छोट्या प्राण्यांच्या त्वचारोगांवरचं म्युलर आणि कर्क यांचं मोठं पुस्तक आलं १९६९ साली, माणूस चंद्रावर गेला त्याच वर्षी!

शरदातल्या त्या हे फीव्हरवरून मला आपल्याकडचं गाजर गवत आठवतं. अमेरिकेत शरदात लोकांना छळणारं मुख्य तण म्हणजे रॅगवीड, आणि आपलं गाजर गवत (काँग्रेस गवत) त्याचं अगदी जवळचं नातलग, एकाच उपकुळातलं. भारतात त्याची शास्त्रीय नोंद छापली गेली १९५६ मध्ये, पुण्याहून. पीएल-४८० च्या अमेरिकन गव्हाबरोबर ते आलं असं सगळे सांगतात. सत्तरच्या दशकात पुण्याच्या आसपास या गवतानं माणसांच्या अंगावर इसबासारखा रोग उठतो याचे शोधनिबंध आले. आज मुदखेडहून किनवटकडे जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतून बघा. रुळांच्या कडेला, बांधावर, पडीक वावरात पांढऱ्या फुलांचा नुसता सडा. कुत्रं त्यातूनच दिवसभर हिंडतं, पोट घासत.

‘पोट घासत’ हे मुद्दाम लिहिलं. कारण इतिहासातलं पुढचं वळण तिथेच आहे. बरीच वर्षं डॉक्टर समजत होते की कुत्रं परागकण आणि धूळ नाकानं आत घेतं, आणि मग त्याला खाज सुटते. गेल्या पंचवीसेक वर्षांत हे मत बदललं. आता मानतात की ॲलर्जीवाल्या कुत्र्याची कातडीच मुळात गळकी असते. विटांमधला सिमेंट कच्चा असावा तशी. त्या फटींतून परागकण आणि घरातल्या धुळीतले सूक्ष्म किडे (हे आणखी तिसरे! १९६४ मध्ये नेदरलँड्समध्ये फोरहोर्स्टनं त्यांचा ॲलर्जीशी संबंध दाखवला) यांचे अंश आत शिरतात. म्हणून पंजे, काखा, पोट, कान, तोंड याच जागा लाल होतात. आणि म्हणूनच बाहेरून आल्यावर ओल्या फडक्यानं पंजे-पोट पुसणं आणि आठवड्याला नीट शांपूनं अंघोळ हे खरंखुरं औषध आहे, नुसती हौस नव्हे.

औषधांचा इतिहासही असाच. १९४८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताच्या एका रोग्याला पहिल्यांदा कॉर्टिझोन टोचलं आणि चमत्कार झाला. १९५० ला नोबेल. १९५५ मध्ये त्याचं धाकटं भावंड आलं, प्रेडनिसोलोन. स्वस्त, जोरदार. खाज दोन दिवसांत गायब. भारतभर कुत्र्याच्या खाजेवर ‘एक सुई मारा’ म्हणतात, तेव्हा बहुतेकदा ती सुई स्टेरॉइडची असते. स्टेरॉइड वाईट नाही. थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या हिशेबानं दिलं तर मोलाचं आहे. पण महिनोन् महिने चाललं की कुत्रं पाणी पीत सुटतं, मुततं, फुगतं, कातडी पातळ होते, जंतुसंसर्ग बोकाळतो. आणि खाज दबल्यामुळे मूळ कारण शोधायची निकड कोणालाच राहत नाही.

दुसरी मोठी गोष्ट आयव्हरमेक्टिनची. जपानमध्ये सातोशी ओमुरा यांनी मातीतून मिळवलेल्या जिवाणूपासून ते तयार झालं, १९८१ मध्ये जनावरांसाठी बाजारात आलं, आणि २०१५ मध्ये ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना नोबेल मिळालं. लुतीवर जालीम. पण कोली आणि तिच्या नात्यातल्या काही जातींच्या कुत्र्यांत एक जनुक बिघडलेलं असतं (हे २००१ मध्ये कळलं), त्यांच्या मेंदूत हे औषध घुसतं आणि जीवही जाऊ शकतो. म्हणून गोठ्यातली बाटली काढून कुत्र्याला अंदाजपंचे दाहोदर्से डोस द्यायचा नाही. २०१३-१४ पासून गोचीड आणि पिसवांवर चघळायच्या गोळ्या आल्या, त्या लुतीच्या किड्यांनाही मारतात. फीट येणाऱ्या कुत्र्याला देण्याआधी डॉक्टरांना तसं सांगायचं, एवढी एक काळजी.

आणि मग २०१३. अमेरिकेत ऑक्लॅसिटिनिब या गोळीला परवानगी मिळाली, खास कुत्र्याच्या ॲलर्जीच्या खाजेसाठी बनवलेली. एका दिवसात खाज उतरते. (वर्षाच्या आतल्या पिल्लाला देत नाहीत, मोठा जंतुसंसर्ग असतानाही नाही.) त्याआधी २००४ मध्ये इंटरल्यूकिन-३१ नावाचा एक निरोप्या रेणू सापडला होता, जो कातडीतून मज्जातंतूंना ‘खाजव’ असा निरोप देतो. त्या निरोप्यालाच वाटेत अडवणारं इंजेक्शन, लोकिव्हेटमॅब, अमेरिकेत २०१६ मध्ये कुत्र्यांसाठी पूर्ण परवान्यासह आलं. माणसांसाठी याच वाटेवरचं पहिलं औषध, नेमोलिझुमॅब, जपानमध्ये मंजूर झालं २०२२ साली.

बघा, म्हणजे यावेळी कुत्र्याचा नंबर आधी लागला! १९०२ च्या नेपच्यूनपासून मोजलं तर एकशे चौदा वर्षांनी.

एवढं सगळं आलं तरी एक गोष्ट अजून आलेली नाही, ती म्हणजे ॲलर्जी कायमची बरी करणारं औषध. परागकणांचे ते जुने डोस, नूननं सुरू केलेले, हेच अजूनही रोगाच्या मुळाला हात घालणारे उपचार, आणि त्यांचाही गुण यायला वर्षभर लागू शकतं. सगळ्यांना येतो असंही नाही. आणि ‘ही ॲलर्जीच आहे’ असं छातीठोक सांगणारी एकही टेस्ट नाही. रक्ताची टेस्ट कशाची ॲलर्जी असावी याचा अंदाज देते, ॲलर्जी आहे की नाही याचा निकाल देत नाही. निदान होतं ते एक एक शक्यता खोडत. आपल्या भाषेत सांगायचं तर हे डिबगिंग आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि थांबून बघायचं. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं फरक पडला ते देव जाणे.

गेल्या पावसाळ्यात गावाकडून चुलतभावाचा फोन आला. त्याच्याकडे तीन वर्षांचा लॅब्राडोर आहे.

‘दादा, त्याला परत लूत आली बघ. काकू म्हणाली शेतावर सोडून ये.’

‘घरात अजून कोणाला खाज सुटली का रे? गल्लीतल्या कुत्र्यांना?’

‘नाही. याला एकट्यालाच. मागच्या पावसाळ्यातबी असंच झालं होतं.’

या दोन उत्तरांतच वरचा सगळा इतिहास आहे. एकट्यालाच, आणि दरवर्षी त्याच मोसमात. खरी लूत असती तर शेजारची कुत्री, कदाचित घरातली माणसंही खाजवत असती. लॅब्राडोर, पग, जर्मन शेफर्ड या जातींत ॲलर्जीची प्रवृत्ती जास्त, आणि ती साधारण सहा महिने ते तीन वर्षं या वयात डोकं वर काढते. (२००३ मध्ये हचच्या जाहिरातीतल्या पगनं देशभर पगचं वेड लावलं. त्या सुरकुत्यांच्या आत काय काय साठतं ते जाहिरातीत नव्हतं!) देशी कुत्र्याला होत नाही असं मात्र नाही.

मग त्यांनी क्रमानं केलं, परभणीला दाखवून. आधी गोचीड-पिसवांची गोळी, आणि ती घरातल्या मांजरालाही मांजराची वेगळी. पिसवाच्या लाळेचीच ॲलर्जी असलेलं कुत्रं कमरेजवळ, शेपटीच्या बुडाशी जास्त खाजवतं, आणि त्याला मोजके पिसूही पुरतात. मग कातडीचा नमुना काचेवर घेऊन बघितला. त्यात बुरशी आणि जंतू वाढलेले. ओलसर हवेत हे होतंच, आणि खाजेतली निम्मी खाज कधी कधी यांचीच असते. त्यासाठी औषधी शांपू, दहा मिनिटं फेस तसाच ठेवून. मग आठ आठवडे खाण्याची परीक्षा. कुत्र्यांच्या अन्नाच्या ॲलर्जीत परदेशी आकडेवारीत बीफ, दुधाचे पदार्थ, चिकन, गहू ही नावं वर आहेत. आपल्या घरात बीफ नसेल, पण दूध-पोळी आणि चिकनचे तुकडे यांवरच तर कुत्री वाढतात! तर आठ आठवडे डॉक्टरांनी ठरवून दिलेलं, आधी कधी न खाल्लेलं एवढंच. बिस्किट नाही, पोळीचा तुकडा नाही, आजीनं लपून दिलेला पेढा तर नाहीच नाही. (सगळ्यात अवघड भाग हाच. आजीला समजावणं.)

खाण्यानं फरक पडला नाही. म्हणजे उरली ती हवेतली, धुळीतली ॲलर्जी. आता पावसाळा लागायच्या आधीपासून आठवड्याची अंघोळ, रोज पंजे पुसणं, गोचिडाची गोळी न चुकता, कानांवर लक्ष, आणि खाज चढलीच तर डॉक्टरांनी सांगितलेली गोळी तेवढ्यापुरती. वहीत तारीख घालून खाजेला दहापैकी मार्क देतो चुलतभाऊ. शून्य मार्क कधीच येत नाहीत. दोन-तीनवर असला की घर निवांत. दीर्घ दुखण्याचं व्यवस्थापन म्हणतात ते हेच. मधुमेह असलेल्या काकांचं जसं करतो तसं.

आणि कुत्रं शेतावर गेलं नाही. काकू अजून ‘लूत’च म्हणते, पण ओसरीवर झोपू देते.

तर मंडळी, पुढच्या वेळी कोणी गावाकडून सांगितलं की कुत्र्याला लूत लागली, किंवा लिफ्टमध्ये कोणी म्हणालं की ॲलर्जी आहे, तर चार प्रश्न विचारा. किती महिन्यांपासून? दरवर्षी याच मोसमात का? खाजवतं नेमकं कुठे? आणि घरात, गल्लीत अजून कोणाला खाज आहे का? उत्तरं कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या. त्यांचा निम्मा वेळ वाचेल, कुत्र्याचे तर कित्येक महिने.

भेटू पुढच्या शनिवारी.